मडके, कुंभार आणि वारूळ

"मडके आहे तर कुंभार असलाच पाहिजे. घड्याळ आहे तर ते बनवणारा असलाच पाहिजे. मग एवढ्या मोठ्या विश्वाला कर्ता नको काय?" हा प्रश्न आपल्या तरुणांना कॉलेजात, कचेरीत आणि आता मोबाईलवरही वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याला वाटते, आता हा निरुत्तर झाला! आपला तरुणही कधी गडबडतो, कधी चिडतो. दोन्हीची गरज नाही. या प्रश्नाचे उत्तर याच भूमीतील बौद्ध आचार्यांनी तेराशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे.

सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी ‘प्रमाणवार्तिक’ या ग्रंथात हा युक्तिवाद तपासला. मडके पाहून आपण कुंभाराचे अनुमान करतो, कारण कुंभाराला मडके घडवताना आपण पाहिलेले असते. पण वारूळही मातीचेच असते, त्यालाही आकार असतो. म्हणून ते कुंभाराने घडवले असे कोणी म्हणेल काय? धूर पांढुरका असतो, म्हणून प्रत्येक पांढुरकी वस्तू पाहून तेथे आग आहे असे म्हणता येत नाही. शब्द सारखा असला म्हणजे कारण सारखे ठरत नाही. शिवाय ईश्वर नित्य आहे, कधीच बदलत नाही, असे एकीकडे सांगायचे. आणि तो आधी निर्माता नव्हता व पुढे झाला, असे दुसरीकडे मानायचे, हे कसे जमणार?

आठव्या शतकात आचार्य शांतरक्षित यांनी ‘तत्त्वसंग्रह’ ग्रंथात आणखी एक पाऊल टाकले. वाडे, जिने, गोपुरे माणसाने बांधलेली असतात हे खरे. पण ती अनेकांनी बांधलेली असतात आणि बांधणारे सर्व मर्त्य असतात. मग तोच दृष्टांत घेऊन विश्वाचा कर्ता एकच, नित्य आणि सर्वज्ञ कसा ठरतो? तर्काने फार तर ‘काही कारण असेल’ एवढेच हाती लागते. बाकीचे सारे गुण व्याख्येतून गुपचूप आत आणलेले असतात.

पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेचे उदयनाचार्य यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहून ईश्वरसिद्धीसाठी अनेक प्रमाणे मांडली. त्याच काळात विक्रमशिला विहाराचे ज्ञानश्रीमित्र आणि रत्नकीर्ती हे ईश्वरवादाचे खंडन लिहीत होते. नंतर विहार उद्ध्वस्त झाले, बौद्धांचे ग्रंथ या देशातून नाहीसे झाले. उदयनांचा ग्रंथ मात्र पाठशाळांत शिकवला जात राहिला. वादातील एका बाजूचा आवाज बंद झाला, आणि दुसरी बाजू जिंकली असे सांगितले जाऊ लागले! महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी 1929 ते 1938 या काळात चार वेळा तिबेटची वाट तुडवली, तेव्हा यातील कित्येक ग्रंथांच्या मूळ संस्कृत पोथ्या पुन्हा उजेडात आल्या.

पण हा केवळ पंडितांचा वाद होता काय? नाही. ईश्वराला व्याख्येत कोणते काम दिले आहे ते पाहा. न्यायमताप्रमाणे तो जीवांच्या पापपुण्याचा हिशेब ठेवून त्यानुसार फळ देतो. जगात एवढी विषमता का, असे विचारले की उत्तर तयार: ईश्वर पक्षपाती नाही, ज्याचे कर्म तसा त्याचा जन्म. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पावसाचा दृष्टांत दिला. पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पीक मात्र बियाण्याप्रमाणे येते. ऐकायला गोड! परंतु त्याच भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाही, असेही त्यांनीच सांगितले. म्हणजे मैला उचलणाऱ्याच्या घरी जन्मलेले मूल आपल्याच मागच्या पापाचे फळ भोगते आहे, अशी समजूत पक्की झाली. ईश्वर सुटला, व्यवस्थाही सुटली. आरोपी ठरले ते मूल!

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कुमारिल भट्ट या मीमांसकाने ‘श्लोकवार्तिक’ ग्रंथात जगाचा कर्ता ईश्वर स्पष्टपणे नाकारला. मग तो आपला झाला काय? मुळीच नाही. त्याने ईश्वर सोडला, पण वेदप्रामाण्य घट्ट धरले आणि जन्मावरची जातही राखली. ईश्वर नाही असे सिद्ध केले की जात आपोआप गळून पडते, हा भ्रम आहे. आजही देवाला हात न जोडणारे, पण मुलीच्या लग्नाच्या वेळी पोटजातीपर्यंत चौकशी करणारे विद्वान कमी नाहीत.

म्हणूनच बाबासाहेबांनी हा प्रश्न निराळ्या पद्धतीने हाताळला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील विश्वास हा अधम्म का, याची तर्कशुद्ध चर्चा त्यांनी केलीच. पण तेथे ते थांबले नाहीत. जगाची उत्पत्ती सांगणे हे धर्माचे काम, तर जगाची पुनर्रचना करणे हे धम्माचे काम, असा फरक त्यांनी दाखवला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा वाचा. त्यांत ईश्वर आहे की नाही याचे प्रमेय नाही. अमुक देवांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, सर्व माणसे समान मानीन, समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन, असा आचरणाचा निर्धार आहे.

व्याख्येत देव सर्वव्यापी असतो. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्याच सर्वव्यापी देवाचे दरवाजे आपल्या लोकांना बंद होते. व्याख्या आणि व्यवहार यांतील हे अंतर पाहायला न्यायशास्त्र शिकावे लागत नाही.

तेव्हा तरुणांनो, पुढच्या वेळी कोणी मडके पुढे केले तर त्याला वारूळ जरूर दाखवा. पण त्याने तेवढ्याने हार मानली तरी वाद संपला असे समजू नका. त्याला विचारा, तुमच्या कर्त्याने माणसांना उच्च-नीच घडवले आहे काय? तो ‘हो’ म्हणाला तर त्या कर्त्याशी आपले भांडण आहे. ‘नाही’ म्हणाला तर त्याला म्हणा, मग चला, जात मोडण्याच्या कामाला आमच्याबरोबर लागा. तो येतो की घरी जातो, त्यावरून त्याच्या ईश्वराची परीक्षा होईल.