न्हाणीचं पाणी

जुन्या घरांत न्हाणीमागे अळू असायचंच. नाहीतर केळ, कर्दळ. त्यांना मुद्दाम पाणी कुणी घालत नसे, अंघोळीचं पाणी आपसूक तिथे जायचं. त्याच अळूचं फदफदं लग्नाच्या पंगतीत कौतुकाने वाढलं जायचं. तेव्हा कुणाला ते पाणी 'घाण' वाटलं नाही.

मग फ्लॅट आले. अंघोळीचं पाणी संडासाच्या पाण्यात मिसळून ड्रेनेजला जाऊ लागलं आणि सगळंच पाणी 'घाण' झालं.

हिशोब करून बघा. शहरात माणशी रोज 135 लिटर हे सरकारी मानक. त्यातले 45 फ्लशचे. चौघांच्या घरात उरले 360. पिण्याचं, स्वयंपाकघराचं सोडून दिलं तरी दोनशे लिटर सहज उरतात. तासाला 4 लिटर सोडणारा ड्रिपर लावला तर पन्नास झाडांचं तासभर भागतं. आणि आम्ही पुण्यात उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याने लॉन भिजवतो!

ठिबकच का? कारण हे पाणी हवेत किंवा पानांवर न उडता मुळाशी मुरलेलं बरं. अर्थात तसंच सोडून चालत नाही. केस आणि साबणाचा चिकटा ड्रिपर बुजवतात. गाळ बसायला एक टाकी, मग खडी-वाळूत लावलेली कर्दळ, मग फिल्टर, आणि तो नियमित धुवायचा. कच्चं पाणी दिवसभराहून जास्त साठवलं की वास मारतं. कपड्यांच्या पावडरीतलं सोडियम माती बिघडवतं, म्हणून मधूनमधून साधं पाणीही द्यावं. कोथिंबीर, मुळा असं कच्चं खायचं त्यावर लावू नये. फुलझाडं, फळझाडं खुशाल लावा.

एवढं सांगितलं तरी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "शी! वापरलेलं पाणी?" अहो, पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि पुढे उजनीत जातं, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. आपण जे जास्वंदीला घालायला कचरतो, ते खालच्या गावाकडे बिनदिक्कत पाठवतो. मला खरा राग याचा येतो.

असो. घर बांधणाऱ्यांना माझं एकच सांगणं. न्हाणीची आणि संडासाची नळी पहिल्यापासून वेगळी ठेवा. टाकी, फिल्टर, ठिबक पुढे केव्हाही बसवता येतं. भिंती फोडून नळ्या वेगळ्या करायला मात्र नंतर कुणी धजत नाही.