विम्याचे पैसे आपले, संरक्षण कोणाला?

घराचे कर्ज मंजूर झाले की पेढे वाटले जातात, पण मंजुरीपत्र कोणी वाचत नाही. मागितलेले असतात २० लाख, कर्ज चढते २० लाख ६० हजारांचे. विचारले तर उत्तर मिळते, "इन्शुरन्स आहे, तुमच्याच भल्यासाठी." हे उत्तर दर वेळी खरे नसते.

गृहकर्जाबरोबर तीन वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे घेतले जाऊ शकतात. पहिली, कर्जदाराचा आयुर्विमा. कर्ता माणूस गेला तर विम्याच्या रकमेतून कर्ज फिटते आणि घर कुटुंबाकडे राहते. दुसरी, वास्तूचा विमा. आग, पूर, भूकंप अशा आपत्तीत घराचे नुकसान झाले तर तो उपयोगी पडतो. तिसरी आहे मॉर्टगेज गॅरंटी, म्हणजे तारण कर्जाची हमी. रिझर्व्ह बँकेने हिचे नियम २००८ साली केले. राष्ट्रीय आवास बँकेच्या सहभागाने २०१२ मध्ये अशी हमी देणारी कंपनीही उभी राहिली.

या तिसऱ्या प्रकारातच गफलत होते. हप्ते थकून खाते अनुत्पादक ठरले, तर हमीची रक्कम कर्ज देणाऱ्या संस्थेला मिळते. कर्जदाराचे देणे माफ होत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४० नुसार कर्ज भरणाऱ्या हमीदाराला मूळ धनकोचे हक्क मिळतात. म्हणजे फीचा भार आपल्यावर, संरक्षण संस्थेला आणि वसुलीची टांगती तलवार पुन्हा आपल्याच डोक्यावर.

ही हमी वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पगाराची पावती नसलेल्या दुकानदाराला किंवा कारागिराला तिच्यामुळे कर्ज मिळण्यास मदत होते. मात्र आपण कशाचे पैसे देतो हे त्याला कळलेच पाहिजे. ६० हजारांची रक्कम कर्जात मिळवली, तर ९ टक्के व्याजाने २० वर्षांत तिच्यापोटी सुमारे १ लाख २९ हजार रुपये भरावे लागतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' सक्तीचे केले आहे. विम्यासह सर्व आकार त्यात स्वतंत्र दाखवावे लागतात आणि वार्षिक दरात धरावे लागतात. त्यात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विचार करण्यासाठी किमान ३ कामकाजाचे दिवस मिळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा कागद कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावा, तो समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी, असा नियम आहे.

सीमाभागातील मराठी माणसाने मराठी परिपत्रकांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. इथे तर नियम आधीच आपल्या बाजूने आहे. फक्त मागणारा हवा. यापुढे कर्ज घेणाऱ्या प्रत्येकाने हा कागद मराठीतून मागावा आणि तीन प्रश्न विचारावेत: विमा कशाचा? पैसे कोणाला मिळणार? नाकारला तर चालेल का? उत्तरे लेखी घ्यावीत.

'मला समजले' या ओळीखाली सही समजल्यावरच करावी. घर आपले आहे, हप्ताही आपल्यालाच फेडायचा आहे.