मनगट वळलं की उजेड

आपण पडलो-धडपडलो तर कळावं म्हणून मुलं हौसेनं घड्याळ देतात. ॲपलच्या घड्याळात वय 55 किंवा पुढचं भरलं, की ही सोय आपोआप चालू होते. पण बऱ्याच मॉडेलचा चार्ज 18 तासांचा, आणि पोळ्या लाटताना मनगट वळलं की पडदा उजळणार. आतल्या सेन्सरला फक्त हालचाल कळते, लाटणं काय कळणार! मग रात्री बाथरूमला उठावं, तर घड्याळ मेलेलं. माझं मत विचाराल तर सेटिंग्जमधून 'वेक ऑन रिस्ट रेज' बंदच करा. वेळ बघायला बोटाची टिचकी पुरते, आणि पडल्याची नोंद घेणं त्यानं थांबत नाही. सामायिकात मात्र घड्याळ काढूनच ठेवावं. 48 मिनिटं मोजायला वाळूची घडी आहेच.