प्रभाग समितीतल्या तीन खुर्च्या



वस्तीत दोन दिवस पाणी आले नाही, गटार तुंबले, सार्वजनिक संडासाचा दरवाजा मोडला, की आपली माणसे कुठे जातात? नगरसेवकाच्या घरी. तो भेटला नाही तर वॉर्ड ऑफिसच्या बाकावर. अर्ज द्यायचा, शिक्का मारून पोच घ्यायची आणि वाट पाहायची. ही वहिवाट आपल्या अंगवळणी पडली आहे. पण त्याच वॉर्डासाठी साधारण महिन्याला एक सभा भरते, तिच्यात आपल्या पाण्या-गटाराचाच विषय असतो आणि तिथे निवडणूक न लढवलेल्या तीन माणसांना बसवण्याची तरतूद कायद्यातच आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

संसदेने डिसेंबर १९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असल्या पाहिजेत, असे तिने राज्यघटनेत लिहून ठेवले. त्यावरून आपल्या राज्याने महानगरपालिकांच्या मूळ १९४९ च्या कायद्यात कलम २९ अ घातले. मुंबईचा कायदा १८८८ चा आणि वेगळा. त्यातही अशीच तरतूद झाली. समितीत त्या भागातले सगळे नगरसेवक, वॉर्डाचा अधिकारी आणि त्यांच्याबरोबर बिगर सरकारी व वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. हे तिघे नगरसेवकांनी नेमायचे. मात्र ते त्या भागातले मतदार असले पाहिजेत आणि त्यांच्या संस्थेचे समाजकल्याणाचे काम त्या भागात चालू असले पाहिजे.

या समितीचे काम काय? पाणीपुरवठा, मलनिस्सारण, सफाई, पावसाळी पाण्याचा निचरा यांबद्दलच्या तक्रारींचा निकाल लवकर लावणे. वॉर्डाच्या खर्चाचा अंदाज आयुक्तांकडे जाण्यापूर्वी त्यावर शिफारशी करणे. आणि मूळ तरतुदीप्रमाणे पाच लाख रुपयांपर्यंतच्या कामांना मंजुरी देणे. पाच लाखांत उड्डाणपूल होत नाही, पण आपल्या गल्लीतली फुटकी पायवाट, नळाचा चौथरा आणि संडासाचे दरवाजे एवढ्यातच बसतात.

यावर आमचे काही कार्यकर्ते मित्र हसतात. ते म्हणतात, "साहेब, पगार नाही, अधिकार नाही. अध्यक्ष नगरसेवकच होणार. डझनभर नगरसेवकांपुढे तीन माणसे काय करणार? चहा-बिस्किट खाऊन परत यायचे." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सल्ला देणाऱ्याचा सल्ला ऐकलाच पाहिजे असे कुठल्याही कायद्यात नसते. पालिकेच्या सभागृहात जे स्वीकृत नगरसेवक घेतले जातात, त्यांना तर मत देण्याचा अधिकार नाही, असे घटनेनेच सांगितले आहे.

पण आम्ही पोटापाण्यासाठी फायलींत आयुष्य घालवणारे कारकून आहोत. कचेरीची एक गोष्ट आम्हाला चांगली ठाऊक आहे. साहेब भाषणाला भीत नाही. साहेब मोर्चालाही एक दिवसच भितो. तो भितो इतिवृत्ताला. सभेत विचारलेला प्रश्न कागदावर उतरला, की त्याला उत्तर लागते. उत्तर दिले नाही तर पुढच्या सभेत तो प्रश्न 'मागील इतिवृत्त कायम करणे' या विषयाखाली पुन्हा वर येतो. आपला अर्ज फाईलमध्ये झोपतो, पण इतिवृत्तातला प्रश्न महिन्याला जागा होतो.

आमच्या परिचयाच्या एक भगिनी, एका वस्तीतल्या महिला मंडळाच्या सचिव, अशा एका समितीवर होत्या. शिक्षण सातवी. पहिल्या सभेत इंग्रजी-मराठी टिपणांचा गठ्ठा पुढे आला तेव्हा त्या गप्प बसल्या. दुसऱ्या सभेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आमच्या संडासाची टाकी शेवटची कधी उपसली? तारीख सांगा." उत्तर आले, "माहिती घेऊन सांगतो, ताई." त्या म्हणाल्या, "हे लिहून घ्या." तिसऱ्या सभेत तोच प्रश्न, तेच उत्तर. चौथ्या सभेच्या दोन दिवस आधी वस्तीत टँकर आला आणि टाकी उपसली गेली. कारण सभेत सांगायला तारीख हवी होती! लंबेचौडे भाषण केले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या, टँकर आला नसता.

नुसत्या कागदाने सगळे होते, असेही आमचे म्हणणे नाही. महाडचा इतिहास आपल्या घराघरात सांगितला जातो, पण त्यातल्या नगरपालिकेच्या भागाकडे आपण घाईने पाहतो. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये बोले यांचा ठराव झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मिळाले नाही. ते घ्यायला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि हजारो लोकांना तळ्यावर चालत जावे लागले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सुरबानाना टिपणीसांसारखे स्नेही महाडच्या नगरपालिकेत होते, तरीही! लोक रस्त्यावर असावे लागतात आणि ठराव फिरवला जातो त्या खोलीतही आपले माणूस असावे लागते. यातले एक केले म्हणून दुसरे सुटत नाही.

आता त्या तीन खुर्च्यांवर बसते कोण? अनेक ठिकाणी त्या रिकाम्याच राहिल्या. जिथे भरल्या तिथे तिकीट न मिळालेल्या किंवा निवडणुकीत पडलेल्या कार्यकर्त्याची सोय म्हणून कितीतरी वेळा भरल्या. एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर नाव घालायचे की झाला समाजसेवक. नगरसेवकांनीच नेमायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण आपल्या मंडळांनी अर्ज तरी केला होता का?

इथे आम्हाला थोडे कडू बोलावे लागेल. आपल्या प्रत्येक वस्तीत मंडळ आहे. पंचायत समिती आहे, महिला मंडळ आहे, जयंती उत्सव समिती आहे. १४ एप्रिलला आपण जे नियोजन करतो ते पाहून वॉर्ड ऑफिसरने धडा घ्यावा. पण मंडळाची नोंदणी पाहायला मागितली, तर पंधरा वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र निघते. त्यावरचे अध्यक्ष वारलेले असतात, खजिनदार गावी गेलेले असतात. विश्वस्त बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात, तो दाखल करावा लागतो. तो कुणी केलेला नसतो. वर्गणीचे पैसे चोख असतात, एक पैसा इकडचा तिकडे झालेला नसतो, पण हिशेब वहीत, वही कपाटात आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे. लेखापरीक्षण नाही. मग मान्यताप्राप्त संस्था म्हणून आपले नाव पुढे आले, तरी पहिल्याच छाननीत बाद करायला समोरच्याला कारण मिळते. आणि ते कारण आपणच त्याच्या हातात दिलेले असते.

मुंबईत याचा एक नमुना पाहावा. १९९७ च्या सुमारास महापालिकेने गल्लीगल्लीतल्या नागरिकांच्या गटांना जवळ केले. 'एएलएम' या नावाने ते ओळखले जातात. घाटकोपरच्या जोशी लेनपासून त्याची सुरुवात सांगितली जाते. कचरा घरात वेगळा करायचा, गल्ली स्वच्छ ठेवायची आणि वॉर्ड अधिकाऱ्यांबरोबर बसून आपले म्हणणे मांडायचे. सोसायट्यांमधले निवृत्त लोक, गृहिणी यांनी हे काम चांगले केले, नाही असे नाही. त्यानंतर काही वर्षांनी झोपडपट्ट्यांसाठी दत्तक वस्ती योजना आली. तिच्यात वस्तीतल्या संस्थेला अनुदान मिळाले आणि वस्तीतल्याच बाया-माणसांनी थोड्याशा मानधनावर गल्ल्या झाडल्या. काम सफाई कामगाराचे, नाव मात्र 'स्वयंसेवक'. म्हणजे कामगार कायद्याचा प्रश्नच नको! दोन्हीकडे शब्द लोकसहभागाचाच होता. त्यांच्या वाट्याला सल्ला आला, आपल्या वाट्याला झाडू. झाडू हातात घेण्याची आपल्याला लाज नाही, पण ज्याने गल्ली झाडायची त्यानेच गल्लीबद्दल बोलू नये, ही वाटणी आपल्या फार जुन्या ओळखीची आहे.

दुसरी एक समिती आमच्या भाजीवाल्या, मासळीवाल्या आणि वडापाववाल्या बंधू-भगिनींनी नीट समजून घ्यावी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती ठेवली आहे. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष. पण तिच्यात निदान ४० टक्के सभासद स्वतः पथविक्रेते असले पाहिजेत, ते विक्रेत्यांनी निवडून दिलेले असले पाहिजेत, आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असेही त्यात लिहिले आहे. सर्वेक्षण पुरे होऊन सर्व विक्रेत्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवायचे नाही, असे हाच कायदा सांगतो. तरी गाडी येते आणि टोपली उचलून नेते, हे आपण रोज पाहतो. मुंबईत या समितीवरच्या विक्रेता प्रतिनिधींसाठी मतदान झाले २९ ऑगस्ट २०२४ रोजी, कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर. तेव्हा ज्यांचे नाव यादीत होते त्यांनाच मत देता आले. यादीचे सर्वेक्षण २०१४ चे, आणि त्यातही पात्र ठरले फक्त ३२ हजारांच्या आसपास. वीस-वीस वर्षे एकाच फुटपाथवर बसणाऱ्या कितीतरी आयाबाया त्या यादीत नव्हत्या. म्हणून पुढचे सर्वेक्षण येईल तेव्हा त्या दिवशी जागेवर असणे हे मोर्चाला जाण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

हे आत्ताच का लिहितो? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. इतर अनेक शहरांतही तसेच झाले. नगरसेवक नाहीत म्हणून नगरसेवकांची प्रभाग समिती नाही, आणि ती नाही म्हणून त्या तीन खुर्च्याही नाहीत. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या महापालिकांचे मतदान झाले आणि नगरसेवक पुन्हा आले. आपल्या वॉर्डात त्या तीन जागा भरल्या का, कुणाच्या भरल्या, कोणत्या संस्थेच्या नावावर, हे विचारायला दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तर ते दहा रुपयेही लागत नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच अर्जात मागच्या सहा सभांची इतिवृत्तेही मागावीत.

वेळेचेही भान ठेवावे. मुंबईचे अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडले जाते. आपली मंडळे निवेदन घेऊन जातात मार्चमध्ये, तोपर्यंत पैसे वाटून झालेले असतात. वस्तीच्या मागण्यांची यादी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पुढेमागे तयार असावी. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवणारे अर्ज घ्यायला सुरुवात केली, तेही अंदाजपत्रकाच्या काही महिने आधीच घेतले जातात.

राहता राहिला बिनपगारी बसण्याचा प्रश्न. सभा भरते कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी. निवृत्त माणसाला ते जमते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई त्या दिवशी खाडा करते, तिची मजुरी बुडते. पथविक्रेता समितीच्या सभासदांना भत्ता देण्याची तरतूद कायद्यात आहे, तो मागून घ्यावा. प्रभाग समितीच्या प्रतिनिधीचे काय करायचे ते मंडळाने ठरवावे. महिन्याला एक सभा धरली तर वर्षाच्या बारा सभा, म्हणजे बारा दिवसांची मजुरी. जयंतीच्या वर्गणीतून एवढी रक्कम बाजूला काढायला हरकत नसावी. मात्र तसा ठराव मंडळाच्या सभेत आधी करून घ्यावा आणि हिशेबात तो खर्च 'प्रभाग समिती प्रतिनिधी भत्ता' या नावाने वेगळा दाखवावा, म्हणजे लेखापरीक्षकालाही काही विचारावे लागणार नाही.