शंभर टक्के निकालातून वगळलेली मुले



दहावीचा निकाल १३ मे २०२५ रोजी लागला आणि त्याच संध्याकाळी आमच्या भागातल्या नाक्यानाक्यावर ‘शंभर टक्के निकाल’ असे फ्लेक्स चढले. पाठोपाठ आपल्या अंकात खासगी शाळांचे कौतुक आणि महापालिकेच्या माध्यमिक शाळा कशा मागे पडल्या, याची बातमी आली. मी पालिकेच्या माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले आहे. ती बातमी वाचून संताप आला, म्हणून हे पत्र.

शाळेच्या निकालाचा हिशेब दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसलेल्या मुलांपासून सुरू होतो. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये नववीच्या पटावर किती मुले होती, हे कोणी विचारत नाही. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षण असते. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आली असली, तरी मुलाला शाळेतून काढता येत नाही. नववीत हे संरक्षण संपते आणि मुले गाळण्याचे काम तिथेच सुरू होते. एप्रिलअखेर पालकांना बोलावणे येते. मुलाला दहावी झेपणार नाही, नापासचा शिक्का नको असेल तर दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा, असे सांगितले जाते. दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलेले असते: ‘पालकांची विनंती’.

असा एक दाखला घेऊन एक आई माझ्याकडे आली होती. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. विनंती कधी केलीत, असे विचारले तर म्हणाली, ‘बाई, मी कशाला विनंती करू? सरांनी कागद पुढे केला, म्हणाले इथं सही करा.’ तो कागद इंग्रजीत होता आणि तिला इंग्रजी वाचता येत नव्हते. मुलाची वही मी पाहिली. समीकरणात पद डावीकडून उजवीकडे नेताना तो चिन्ह बदलायला विसरत होता. पुढची सगळी रीत बरोबर, उत्तर चूक. एवढ्या दोषावर त्या शाळेने त्याला निकालातून वजा केले होते. अशा मुलाला कोणी शेजारी बसवून रोज अर्धा तास सराव करून घेतला, तर वर्षभरात तो पास होण्याजोगा होतो. तसे झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता साधे गणित करू. एका शाळेत नववीत ६० मुले आहेत. सहा जणांना दाखले दिले, ५४ दहावीला बसली, ५४ पास झाली. निकाल १०० टक्के. शेजारच्या पालिका शाळेतही ६० मुले होती. तिने ती सहा मुले पुन्हा नववीत घेतली आणि पुढे आपल्या मुलांबरोबर दहावीला बसवली. ६६ पैकी ५८ पास झाली. निकाल ८८ टक्के. फ्लेक्स पहिल्या शाळेचा लागतो आणि खुलासा दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे मागितला जातो. जास्त मुले पास कोणी केली?

२०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. हा आकडा नियमित विद्यार्थ्यांचा आहे. सतरा नंबरवाल्यांचा, म्हणजे खासगी विद्यार्थ्यांचा, निकाल मंडळ वेगळा काढते. त्या वर्षी अशी २८ हजारांहून अधिक मुले परीक्षेला बसली आणि त्यांचा निकाल ८० टक्क्यांच्या आसपास राहिला. ही सगळीच शाळांनी ढकललेली नसतात. कामाला लागून शाळा सुटलेले असतात, संसार सांभाळून परीक्षा देणाऱ्या बायका असतात. पण ज्यांना शाळेने बाहेर काढले, त्यांचे अपयश कोणत्याच शाळेच्या नावावर पडत नाही, हे तर खरे आहे. ज्यांनी फॉर्मच भरला नाही, ती मुले तर निकालाच्या कोणत्याच तक्त्यात नाहीत. मुलींच्या बाबतीत हे फार होते. मुलगा निदान क्लासला जाऊन फॉर्म भरतो, मुलीला मात्र ‘आता घरीच बस’ असे सांगितले जाते.

आणि पालिकेच्या शाळेत कोण येते? आमच्या एम पूर्व विभागात देवनारची कचराभूमी आहे, बैंगनवाडी आहे, पुनर्वसनाच्या एकाला एक चिकटलेल्या इमारती आहेत. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच विभाग तळाला होता. इथली मुले सकाळी पाण्याच्या रांगेत उभी राहून वर्गात येतात, संध्याकाळी भंगाराच्या दुकानात किंवा जरीच्या कारखान्यात बसतात. घरात दहावीपर्यंत पोचलेले हे पहिलेच मूल असते. पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, पण प्राथमिकच्या मानाने माध्यमिक शाळा फार थोड्या. आठवीपर्यंत उर्दूत किंवा हिंदीत शिकलेले मूल जवळ त्या माध्यमाची नववी नाही म्हणून दुसऱ्या माध्यमात जाऊन बसते आणि दोन वर्षांत त्याने बोर्ड पास व्हावे, अशी आपली अपेक्षा असते. या मुलांचा निकाल आणि घरी अभ्यासाची खोली, क्लास, शिकलेले आईवडील असलेल्यांचा निकाल एकाच रकान्यात छापून खाली ‘पिछाडीवर’ असे लिहिणे हा अन्याय आहे.

टक्केवारीवर आपला किती भरवसा असावा, तेही पाहा. २०१९ मध्ये भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के झाला. टाळेबंदीमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे धरले तरी अठरा टक्क्यांची उडी शिक्षण सुधारल्यामुळे आली, असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. अशा आकड्यावरून शाळांची लायकी ठरते आणि पालक आपल्या मुलांचे दाखले काढून घेतात. पट घटला की शिक्षकांची पदे कमी होतात. मग निकाल आणखी खाली येतो आणि पुन्हा बातमी छापून येते.

पदांवरून आठवले. जे शिक्षक आहेत, त्यांना तरी शिकवू द्या. २०२४ हे लोकसभा आणि विधानसभेचे वर्ष. दहावीला शिकवणारे शिक्षक मतदार याद्यांच्या कामासाठी दारोदार फिरत होते. हे काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशीच घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले आहे. गणिताच्या शिक्षकाचे तास महिनोन्‌महिने बुडवायचे आणि मे महिन्यात त्याच्याकडेच निकालाचा जाब मागायचा, हा कुठला न्याय? पालिका शाळांवरही आता टक्केवारीचे दडपण वाढते आहे. उद्या त्याही मुलांच्या हाती दाखले देऊ लागल्या, तर या वस्तीतल्या मुलांनी जायचे कुठे?

माझी मागणी एकच आहे. मंडळाने प्रत्येक शाळेच्या निकालाबरोबर त्या तुकडीचा नववीच्या सुरुवातीचा पट छापावा आणि त्यातली किती मुले त्याच शाळेतून दहावीला बसली, किती दाखला घेऊन गेली, हे जाहीर करावे. ‘सरल’ आणि ‘यूडायस’ या सरकारी नोंदप्रणालींवर प्रत्येक मुलाची नोंद आहे, नवीन माहिती गोळा करायची गरज नाही. तोवर आपल्या वृत्तपत्राने तरी शंभर टक्क्यांची बातमी देताना शाळेला नववीचा पट विचारावा. आणि नववीच्या पालकांना कळकळीची विनंती: शाळेने पुढे केलेल्या ‘पालकांची विनंती’ असे लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. मूल नापास झाले असेल, तर त्याच शाळेत पुन्हा नववीची जागा मागा आणि ती मागणी लेखी द्या.

एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका,
गोवंडी, मुंबई