होडी बुडाली तरी चालेल!

"भावा, ही होडी हाय का पाणबुडी?"

कळंबा तलावाच्या काठावर रविवारी सकाळी फिरायला आलेल्या एका काकांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही चौघंजण एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे होतो. दोन महिने रात्री जागून केलेली, लालभडक रंग मारलेली, ४५ सेंटिमीटर लांबीची आमची रिमोटवरची 'रेसिंग बोट' पाण्यात सोडल्यावर बरोबर अकराव्या सेकंदाला नाक वर करून मागच्या बाजूने खाली गेली होती. नशीब एवढंच, की काठाला गुडघाभरच पाणी होतं. पँट दुमडून बोट बाहेर काढली, उलटी करून पाणी ओतलं आणि मेसचा नाष्टा संपायच्या आत होस्टेल गाठलं.

त्या अकरा सेकंदांनी मला जे शिकवलं ते मागच्या दोन वर्षांतल्या कुठल्याच जर्नलने शिकवलं नाही. म्हणून हा लेख.

मित्रांनो, आपल्यापैकी किती जणांनी आजवर स्वतःच्या हाताने काही तरी चालणारं बनवलंय? खरं सांगा. जर्नल एकाचं, वही सगळ्यांची. वर्कशॉपचा जॉब मामांनी अर्धा करून दिलेला. शेवटच्या वर्षाला तर सोयच सोय! 'प्रोजेक्ट तयार मिळतील' अशा पाट्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पैसे द्या, मॉडेल घ्या, सोबत रिपोर्टही बाइंडिंग करून घ्या. व्हायव्हाला तो चालतो, टाळ्या पडतात. पण त्यातली एक वायर निघाली तर ती कुठे जोडायची हे चौघांपैकी एकालाही माहीत नसतं. माझं स्पष्ट मत आहे, की असा विकतचा चालणारा प्रोजेक्ट करण्यापेक्षा आपल्या हाताने केलेली होडी बुडवणं शंभर पटीने बरं.

आता होडीच का? ड्रोन का नाही, गाडी का नाही?

एक तर तलाव आपल्या दारात आहे. संस्थानकाळात बांधलेला, कात्यायनीच्या डोंगरातून येणारं पाणी अडवणारा हा तलाव एके काळी कोल्हापूर शहराची तहान भागवत होता. पावसाळ्यात तो सांडव्यावरून वाहू लागला की आपण सगळे कणीस खात बघायला जातो. पण ज्या पाण्याकडे आपण रोज बघतो त्यात काही तरी सोडून बघावं, असं कुणाच्या डोक्यात येत नाही. तिकडे सांगलीला कृष्णेत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात, काठावर ही गर्दी! आपली शर्यत दीड फुटाच्या होड्यांची असली म्हणून काय झालं?

दुसरं म्हणजे रेडिओ-नियंत्रणाचा इतिहासच होडीपासून सुरू होतो. १८९८ साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर पाण्याच्या टाकीत एक छोटी होडी चालवून दाखवली, तीही वायरशिवाय. त्याच वर्षी तिचं पेटंटही त्याला मिळालं. आज ज्याला आपण ड्रोन म्हणतो त्याची आजी म्हणजे ही होडी!

आणि तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. होडी लबाडी चालवून घेत नाही. गाडीचं चाक थोडं वाकडं बसलं तरी ती चार पावलं जाते. होडीला एक भोक राहिलं की राहिलं!

आमची पहिली होडी का बुडाली? दोन कारणं. बॅटरी मागे ठेवली होती, कारण तिथे जागा होती. वेगाने पाण्यावर उचलून धावणाऱ्या अशा एकखोडी होडीचा गुरुत्वमध्य मागच्या फळीपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर हवा, म्हणजे आमच्या होडीत साडेतेरा सेंटिमीटरवर. आमचा होता सातवर. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर पहिल्या वर्षी आम्ही पानंच्या पानं गणितं सोडवली होती, पण बोटाच्या टोकावर होडी तोलून बघायचं काही सुचलं नाही. दुसरं कारण म्हणजे शाफ्टची नळी. पंख्याचा शाफ्ट तळातून ज्या पितळी नळीतून बाहेर येतो, तिच्यात ग्रीस ठासून भरावं लागतं, नाही तर पाणी सरळ आत चढतं. आम्ही ग्रीस लावलं होतं... बोटाने, वरवर!

मग सुरू झाली खरी इंजिनिअरिंग. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत येईनात. थरथर एवढी की स्क्रू आपोआप सुटायचे. शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनं घडली तिथे आमच्या खेळण्याला कोण विचारणार, असं वाटत होतं. मिस्त्रींनी होडी हातात घेतली, शाफ्ट बोटाने फिरवला आणि म्हणाले, "आधी शाफ्ट बसवा, मग त्येच्या रेषेत मोटर धरा. तुम्ही उलटं केलंय." कपलिंगही करून दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "चालली की दाखवाय आणा." पुस्तकातलं अलाइनमेंट मला त्या दिवशी कळलं.

तिसरा धडा सर्वांत महाग पडला. होडी तरंगायला लागली, पळायलाही लागली. पण आम्हाला हवा होता वेग. म्हणून ३० मिलिमीटरचा पंखा काढून ३६ चा बसवला. फक्त सहा मिलिमीटरचा फरक! दोन मिनिटांत मोटरमधून धूर. रूमवर वास एवढा पसरला की रेक्टरसर वर आले. रात्री एका मित्राने टर्बो मशीन्सचं पुस्तक उघडलं आणि आम्ही गप्प झालो. पंपाचे जे नियम आपण परीक्षेला घोकतो तेच पंख्यालाही लागू पडतात: फेरे तेच ठेवले तर लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. १.२ चा पाचवा घात करून बघा, अडीचच्या जवळ येतो. म्हणजे सहा मिलिमीटरसाठी आम्ही मोटरवर अडीचपट ओझं टाकलं होतं. या नियमावर चार मार्कांचा प्रश्न मी बरोबर सोडवला होता आणि तरीही मोटर जाळली. मार्क आणि समज यांच्यात केवढं अंतर असतं, ते त्या वासाने सांगितलं.

असंच एक गणित वेगाचं. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. ही अडचण विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७० च्या दशकात लहान लहान मॉडेल होड्या टाकीत ओढून मांडली. फ्राउड नंबर तो हाच. आमच्या ४५ सेंटिमीटरच्या होडीसाठी ही मर्यादा येते ताशी जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे आपल्या चालण्यापेक्षा कमी! त्याच्या पुढे जायचं तर होडीने पाण्यातून वर उठून पृष्ठभागावर घसरत जायला हवं. म्हणूनच तळ कसा आहे आणि वजन किती नि कुठे आहे, यावर सगळा खेळ. शेवटी जुनाच ३० चा पंखा, नवी मोटर आणि तिच्याभोवती गार पाणी फिरवणारी नळी बसवून आम्ही काठाशी समांतर २५ मीटर अंतर ६ सेकंदांत कापलं. ताशी १५ किलोमीटर. जगाच्या हिशोबात काहीच नाही. आम्ही मात्र त्या दिवशी मिसळ खाल्ली, तीही दोन-दोन प्लेट!

आता आक्षेप. "हे खेळणं आहे, प्लेसमेंटला काय उपयोग?" असं म्हणणारे भेटतातच. त्यांना मी एवढंच विचारतो, की मुलाखतीत 'तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय चुकलं होतं?' असा प्रश्न आला तर विकतचा प्रोजेक्टवाला काय सांगणार? दुसरा आक्षेप पैशांचा. रिमोटचा सेट, सर्व्हो, स्पीड कंट्रोलर, बॅटरी, चार्जर आणि प्लायवूड मिळून आम्हाला साडेसहा हजारांच्या आसपास खर्च आला. चौघांत वाटला. रिमोट आणि चार्जर तर पुढच्या होडीलाही चालतात. जळलेली मोटर वेगळी, ती फी समजायची!

मात्र एक गोष्ट हसण्यावारी नेता येणार नाही. एका चाचणीत बॅटरी संपली आणि होडी काठापासून तीसेक मीटरवर थांबली. आमच्यातल्या एकाने काही न बोलता शर्ट काढला. शेजारी गळ टाकून बसलेले एक मामा ओरडले, "थांब की रं! होडी दुसरी हुतीया, पोरगं दुसरं मिळत न्हाई." मग त्यांनीच गळ फेकून, होडीच्या पलीकडे दोरा टाकून ती अलगद ओढून आणली. आम्ही चौघं मान खाली घालून उभे. तळाशी गाळ किती, खोली किती, काहीच माहीत नसताना आपला मित्र साडेसहा हजारांच्या लाकडासाठी पाण्यात उतरणार होता.

म्हणून आता आमचे नियम कडक आहेत. होडीच्या मागे कुणीही पाण्यात उतरायचं नाही. टेनिस बॉल बांधलेली लांब दोरी बरोबर न्यायची आणि दोरी पोचेल तेवढ्याच अंतरात होडी चालवायची. होडीच्या आत मोकळ्या जागेत थर्मोकोल भरायचा, म्हणजे उलटली तरी तरंगते. रेडिओचा सिग्नल तुटला तर मोटर आपोआप बंद होईल अशी सेटिंग आधी तपासायची. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून मेसला जायचं नाही, फुगलेली बॅटरी वापरायची नाही. आणि हे पिण्याच्या पाण्याचं ठिकाण आहे, तेव्हा परवानगी विचारायची, इंजिनवाली होडी आणायचीच नाही, ग्रीसचा बोळासुद्धा काठावर टाकायचा नाही.

आता थोडं सरांसाठी. लहान तोंडी मोठा घास, पण बोलतो. आपल्याकडे वर्कशॉप आहे, लेथ आहेत, मामांसारखी जाणती माणसं आहेत आणि शनिवारी दुपारी सगळ्याला कुलूप. ते कुलूप महिन्यातून दोन शनिवार उघडा. मागच्या बाजूला दहा-बारा फूट लांबीचा, गुडघाभर खोल एक हौद बांधून द्या, म्हणजे पहिली चाचणी तलावावर करावी लागणार नाही. आणि गॅदरिंगला एक शर्यत ठेवा: सगळ्यांना एकच मोटर, एकच बॅटरी. पाहिजे तेवढा पैसा ओतायची मोकळीक दिली, की महागडी मोटर मागवणारा जिंकतो. मोटर सारखी असली की तळ कुणी नीट घासला आणि शाफ्ट कुणी सरळ बसवला, त्याची शर्यत होते. परदेशातल्या क्लबांतही नवशिक्यांसाठी असे मर्यादित गट असतात.

आणि शेवटची विनंती. प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये 'काय चुकलं' असं एक प्रकरण सक्तीचं करा, त्यालाही मार्क ठेवा. विकतच्या रिपोर्टमध्ये ते प्रकरण कधीच नसतं!

आमची होडी सध्या माझ्या कॉटखाली आहे. उद्यमनगरच्या मिस्त्रींना दाखवायची अजून राहिलीय, पुढच्या रविवारी नेणार आहोत. ज्युनिअर मंडळींपैकी कुणाला बघायची असेल तर जरूर या. फक्त 'तयार करून देता का?' असं विचारू नका.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल