गाडल्या जाणाऱ्या पिकाचे अर्थकारण

जे पीक बाजारात विकले जात नाही, त्याची उपेक्षा ठरलेलीच असते. ताग आणि धैंचा ही हिरवळीच्या खताची पिके याचे ठळक उदाहरण होत. शेतकरी ती पेरतो, फुलोऱ्याच्या सुमारास नांगराखाली गाडतो आणि त्यांचे उत्पन्न पुढील पिकाच्या दाण्यांत मिसळून जाते. ज्या मालाची पावती फाटत नाही, त्याच्या सुधारणेसाठी पैसा कोण खर्च करणार?

हिरवळीच्या खताचे गुण शेतकऱ्यास ठाऊक नाहीत असे नव्हे. प्रश्न हिशेबाचा आहे. हेक्टरी २० टन हिरवा पाला गाडला, तर सुमारे ८० ते ८५ किलो नत्र जमिनीत जाते. त्यातील काही भाग त्याच जमिनीतून शोषलेला असतो. परंतु सर्व नत्र नवे मानले, तरी ते युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्यांत मिळते. गोणीस २६६ रुपये ५० पैसे या दराने त्यांची किंमत १,०६६ रुपये होते. उलट तागाचे बियाणे हेक्टरी ५० किलो लागते. त्याचा भाव किलोला केवळ २५ रुपये धरला, तरी १,२५० रुपये खर्ची पडतात. शिवाय दीड-दोन महिने जमीन अडकते. जमिनीचा पोत सुधारतो हे खरे. परंतु तो लाभ सावकाश पदरी पडतो आणि खर्च मात्र आजच करावा लागतो.

युरिया स्वस्त आहे, कारण त्याचा खरा भार सरकारी तिजोरी सोसते. २०२२-२३ साली खतांवरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले. या रकमेचा अल्पसा अंशही हिरवळीच्या पिकांच्या पैदाशीकडे वळला, तर हा हिशेब पालटू शकेल.

आपल्याकडे तागाची निवड प्रामुख्याने धाग्यासाठी झाली. धाग्यास उंच, सरळ आणि बिनफांद्यांचे खोड हवे. खतास भरपूर पानांचे, कोवळे आणि लवकर कुजणारे झाड हवे. दोन्ही गरजा एकाच वाणाने भागणे कठीण. म्हणून केवळ जास्त पाल्याचा नव्हे, तर दर दिवशी जास्त पाला देणाऱ्या वाणाचा शोध घ्यावयास हवा. साठ दिवसांचे काम पंचेचाळीस दिवसांत झाले, तर वाचलेले पंधरा दिवस ही शेतकऱ्याची रोकडच होय.

येथे एक अडचण उद्भवते. उशिरा फुलणारे झाड पाला अधिक देते, परंतु बीही उशिरा धरते. त्यामुळे बियाणे महागते. ताग दिवस लहान होऊ लागले की फुलतो. तेव्हा बीजोत्पादनाचे प्लॉट उशिरा किंवा दक्षिणेकडे स्वतंत्रपणे घेणे हा त्यावरील उपाय आहे. तथापि ज्या बियाण्यात नफा अल्प, त्यासाठी खासगी कंपनी ही यातायात करणार नाही. हवाई बेटांत १९८० च्या दशकाच्या प्रारंभी हिरवळीच्या खतासाठी ‘ट्रॉपिक सन’ हा तागाचा वाण प्रसृत झाला, तोही सरकारी मृदसंधारण खाते आणि तेथील विद्यापीठ यांच्या सहकार्यातून.

आपल्या कृषी विद्यापीठांनी व बियाणे महामंडळांनी हीच जबाबदारी उचलावयास हवी. सुधारित वाण आणि स्वस्त बियाणे हाती न देता शेतकऱ्यास केवळ जमिनीच्या आरोग्याचा उपदेश करणे म्हणजे रिकाम्या हाताने दिलेला आशीर्वाद होय.